करीमचाचांच्या पेटीवरचं कुलूप

“कुलूप लावल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही, बेटी. आणि दुसऱ्यानं लावलेलं कुलूप तोडायचं नाही. आत कुणी असेल तर थांबायचं. माणूस बाहेर येतोच की.”

रेश्मानं हे पहिल्यांदा ऐकलं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हा ती माढ्याहून लग्न होऊन सोलापुरात आलेली, बियाणे संघाच्या कचेरीत नुकतीच लागलेली, आणि काळ्या पडद्यावर एकेक अक्षर शोधून ओळ टाइप करायची. शेजारी करीमचाचा बसायचे. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा हळू, की जरा मोठ्यानं बोललं तर सर्व्हरची झोपमोड होईल.

चाचा जाऊन आज नववा दिवस. तरी दुपारी तीनच्या सुमाराला, कचेरी जेवून सुस्तावली, खिडकीच्या गजांची सावली टेबलावर आडवी झाली आणि सर्व्हरच्या खोलीतला पंखा लांबच्या यंत्रमागासारखा एकसुरी वाजू लागला, की तो आवाज तिला ऐकू यायचा. कानात नाही, कानाच्या थोडं मागे. ती वळून बघायची नाही. वळलं की जाईल, असं तिला वाटायचं.

संघात दोनशे माणसं आणि प्रत्येकाची एक पेटी. पेटी म्हणजे तरी काय, सर्व्हरवरची एक फाइल. आलेलं पत्र तिच्या तळाशी जोडलं जायचं, जुन्या वहीला नवं पान शिवावं तसं. सगळी वर्षं, सगळी पत्रं, एकाच लांबलचक वहीत. आता अशा वहीत एकाच वेळी दोन हात शिरले, एक पान शिवतोय आणि दुसरा पान काढतोय, तर दोघांच्या ओढाताणीत वही फाटते. एका पत्राची मान दुसऱ्याच्या धडाला लागते. म्हणून कुलूप. पेटीशेजारी त्याच नावाची एक इवलीशी फाइल करायची, नावापुढे टिंब आणि ‘लॉक’ एवढाच शब्द. ती दिसली की समजायचं, आत कुणीतरी आहे. काम झालं की ज्यानं ती केली त्यानंच ती पुसायची.

“आणि चाचा, कुलूप लावणारा आतच मरून गेला तर?” रेश्मानं त्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

चाचा हसले होते. “आधी बघ, खरंच मेलाय का. कुलपात त्याचा नंबर लिहिलेला असतो. यंत्राला विचार, या नंबरचा कुणी जिवंत आहे का. आणि जिवंत असेल ना, तर तो दर मिनिटाला आपल्या कुलपावरून हात फिरवतो. कुलपावरची वेळ पुढं सरकते. बाहेरच्यांना कळावं, मी आहे म्हणून.”

आज सगळ्या पेट्या नव्या सर्व्हरवर न्यायच्या होत्या. जुनं यंत्र उद्या सकाळी दहाला कायमचं बंद. रेश्मा सकाळपासून एकेक पेटी घेत होती: कुलूप लाव, नक्कल कर, पत्रं मोजून बघ, कुलूप काढ. तुळशीला प्रदक्षिणा घालाव्यात तशी एक लय लागली होती हाताला. एकशे नव्याण्णव झाल्या. शेवटची उरली ती करीमचाचांची. तीही तिनं मुद्दामच शेवटी ठेवली होती.

तिनं कुलूप लावायला ओळ टाइप केली. यंत्र थांबलं. पाच सेकंद, दहा, पंधरा. मग पडद्यावर उत्तर आलं: कुलूप आधीच लागलेलं आहे.

रेश्माला आश्चर्य वाटलं नाही, हेच वाईट होतं. तिला हे ठाऊक होतं.

चाचा दवाखान्यात होते त्या शुक्रवारी ती भेटायला गेली होती. आदल्या दिवशी टेंभुर्णीच्या घरी, आपल्या टेबलापाशी उठता उठताच ते पडले, तिथून त्यांना सोलापूरला आणलेलं. तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “माझ्या पेटीला कुलूप तसंच राहिलंय, बेटी. कुणाला तोडू देऊ नको. तू जा टेंभुर्णीला. तुझ्या चाचीला, गुलबानोला सांग आणि तिच्यासमोर काढ.” ती म्हणाली, “तुम्ही बरे व्हा चाचा, आपण दोघं जाऊ.” त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही. मग ती म्हणाली, “बरं. मी जाईन.” शनिवारी पहाटे चाचा गेले.

आणि ती गेली नव्हती.

का नाही गेली? कारणं होती की. कार्तिक महिना चालू होता, आणि कार्तिकात रोज दिवेलागणीला तुळशीपाशी स्वतःच्या हातानं दिवा लावायचा, हा तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. एक दिवस चुकलेला नव्हता, मुलाच्या वेळी सातवा महिना होता तेव्हाही नाही. टेंभुर्णी म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. कचेरी सुटल्यावर निघालं की दिवा बुडाला. रजा सर्व्हरच्या कामामुळं नाही, रविवारीही कचेरी. आणि मनात एक सोयीचा विचार होता, की चाचाच राहिले नाहीत तर त्यांचं यंत्र तरी कशाला चालू असेल? कुलूप केव्हाच मेलेलं असणार. मेलेलं कुलूप आज काढलं काय, पौर्णिमेनंतर काढलं काय. असं म्हणत म्हणत नऊ दिवस गेले होते.

“मॅडम, झालं का?” दारातून अमृतसरांनी डोकं आत घातलं. ते संघाचे व्यवस्थापक, वय पस्तीस, नेहमी घाईत, आणि नेहमी हातात अर्धा प्यालेला चहा. “किती राहिल्या?”

“एक. करीमचाचांची. कुलूप आहे तिला.”

“कुणाचं?”

“त्यांचंच असावं.”

अमृतसरांनी चहाचा घोट घेतला. “मॅडम, आता ते काय कुलूप काढायला परत येणारेत का? तोडा की. तुम्ही तर अशा बसलाय, जणू काय शनिवारवाड्याचा दरवाजा आहे.” मग तिचा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाले, “बघा. तुमचं तुम्हाला कळतं. पण उद्या दहाला मी बटण दाबणार. भाडं संपतंय त्या यंत्राचं.”

ते गेले. रेश्मानं कुलूप उघडून आतला नंबर वाचला. यंत्राला विचारलं, या नंबरचा कुणी जिवंत आहे का. यंत्र म्हणालं, कुणी नाही.

म्हणजे मेलेलंच. तिनं पुसण्याची ओळ टाइप केली. फक्त एक बटण दाबायचं राहिलं. तिनं सवयीनं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि डोळे उघडून शेवटचं एकदा कुलपाकडं बघितलं. कुलपावर वेळ होती. तीन वाजून बारा मिनिटं. आजचीच तारीख.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन बारा.

हात मागे घेऊन ती बसून राहिली. पंखा वाजत होता. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गाणं वाजवत गेली आणि ते गाणं वळणावर विरघळलं. तिनं पुन्हा बघितलं.

तीन वाजून तेरा.

कुणीतरी कुलपावरून हात फिरवला होता.

पुढची दहा मिनिटं रेश्मानं काही केलं नाही. नुसती बघत राहिली. चौदा. पंधरा. सोळा. देवघरातल्या समईची ज्योत वाऱ्याशिवाय हलते ना, तसं ते हलत होतं. अगदी थोडं, पण हलत होतं. नऊ दिवसांपूर्वी ज्या माणसाला माती दिली त्याचं कुलूप दर मिनिटाला श्वास घेत होतं. तिला भीती वाटली नाही. उलट दुपार इतकी मऊ झाली, की तिचे डोळे जड झाले, आणि मिटल्या पापण्यांआड तिला दिसलं, की टेंभुर्णीच्या एका अंगणात दोरी बांधली आहे, दोरीवर चादरी वाळत घालाव्यात तशी पत्रं वाळत घातली आहेत, ओळीनं, शेकडो, उन्हात हलताहेत, आणि चाचा त्यांच्यातून वाकून वाकून चालताहेत. म्हणताहेत, ‘आत्ता नको बेटी. अजून ओली आहेत.’

ती दचकून जागी झाली. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची चूक कळली.

नंबर तिनं या यंत्राला विचारला होता. पण त्या पेटीपर्यंत पोचायची परवानगी दोन यंत्रांना होती. एक हे, सोलापूरचं. दुसरं चाचांच्या घरचं. मूत्रपिंडाचं दुखणं वाढल्यापासून दोन वर्षं ते टेंभुर्णीहूनच काम करत. इथल्या यंत्राला तिथल्या जिवंत माणसाची काय खबर असणार? गल्ली चुकून भलत्याच दारावर विचारायचं, अमका आहे का, आणि नाही म्हटलं की समजायचं, गेला. कुलूप तिकडून लागलेलं होतं.

मग तिनं पेटीकडं बघितलं. अकरा वर्षांची पत्रं असलेली पेटी, ती आज जवळजवळ रिकामी होती. चार-दोन पानांएवढं वजन.

ही पत्रं शाइस्ताची. चाचांची एकुलती एक लेक, मस्कतला असते. गुलबानोचाचींना कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. त्यांना उर्दू वाचता येतं, पण मोठ्या अक्षरात. म्हणून शाइस्ता अब्बूंच्या पेटीत पत्र लिहायची, आणि चाचा ते टपोऱ्या अक्षरात छापून चाचींच्या हातात द्यायचे. दर गुरुवारी. त्यासाठी त्यांनी स्वतः एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. तो कसा चालतो हे त्यांनी रेश्माला कौतुकानं सांगितलं होतं: आधी कुलूप लावायचं. मग पेटीतलं सगळं बाहेर काढून हातात घ्यायचं, नवं पत्र छापायचं, आणि सगळं परत नीट रचून ठेवायचं.

“सगळं कशाला बाहेर काढता चाचा?” ती म्हणाली होती. “छापताना वीज गेली म्हणजे?”

“अगं, गुलबानो ट्रंक झाडते ना, तेव्हा सगळे कपडे बाहेर काढते. वरवरचं हलवून भागत नाही म्हणते. तिचीच सवय लागली.” आणि डोळे बारीक करून म्हणाले होते, “कुलूप आहे ना. कुलपावर भरोसा असला की ट्रंक रिकामी करायला माणूस भीत नाही.”

म्हणजे अकरा वर्षांची पत्रं या घडीला पेटीत नव्हतीच. ती टेंभुर्णीच्या त्या यंत्राच्या हातात होती, वर धरलेली. त्यानं ती अजून परत ठेवली नव्हती. तिनं कुलूप तोडून पेटी नव्या सर्व्हरवर नेली असती, तर रिकामी ट्रंक नेली असती. दुसरीकडं नक्कल नव्हती. संघाच्या राखीव नकलांच्या साठ्यात घरची पत्रं नकोत, म्हणून चाचांनीच आपली पेटी त्यातून वगळलेली. शाइस्तानं तीनदा नोकरी बदलली, तिचे जुने पत्ते आणि त्यातलं सगळं केव्हाच गेलं. आणि दारापाशी, रांगेत, एक नवं पत्र अडकून उभं होतं. शाइस्ताचंच. शुक्रवारचं, अब्बू दवाखान्यात असतानाचं. कुलूप बघून ते शहाण्यासारखं थांबलं होतं.

तिनं संघाच्या टेंभुर्णीच्या शाखेत फोन लावला. तिथले पहारेकरी रावजी. त्यांची बायको गोजाबाई रोज चाचींना भाकरीचा डबा नेऊन देते, हे तिला माहीत होतं.

“व्हय ताई, हितंच हाय की ती. देतो,” रावजी म्हणाले. मग फोन दूर धरून, “अगं ए! सोलापूरच्या ताई हायेत. हळू बोल, त्यांना ऐकू येतंय.”

“मला म्हाईत हाय!” गोजाबाई ओरडूनच म्हणाली. “बोला ताई.”

“गोजाबाई, चाचांच्या टेबलावरचं यंत्र चालू आहे का हो?”

“चालू हाय म्हंजे? रातंदीस घुरघुर करतंय. आनि त्या छापायच्या खोक्यावर पिवळा दिवा लुकलुकतोय लुकलुकतोय, थांबायचं नाव न्हाय.”

“त्यात कागद आहे का?”

“कागद कुटला? रिकामं हाय. भाऊ कागदच आनायला उठलं हुतं न्हवं का, आनि पडलं तितंच.”

रेश्माला उलगडा झाला. छापायच्या यंत्रातला कागद संपला, म्हणून प्रोग्रॅम थांबला. कागद येईपर्यंत थांब, असं त्याला सांगितलेलं. आणि थांबल्या थांबल्या, शिकवल्याप्रमाणं, दर मिनिटाला कुलपावरून हात फिरवत राहिला. अकरा दिवस. मालक कागद आणायला उठलाय, येईलच.

“मग तुम्हीच घाला ना त्यात थोडा कागद,” ती म्हणाली.

“मी? न्हाय बाई! बीबी हातच लावू देत न्हाईत. त्यांनी भाऊची शाल पांघरलीया त्याच्यावर, दिवा तेवढा उघडा ठेवलाय. खुर्ची घिऊन समोर बसत्यात. मी म्हनलं, बंद करू का, डोळ्याला तरास हुतोय. तर म्हनल्या, रेश्मा येनार हाय, तीच हात लावंल. त्यांना सांगून ठेवलंय म्हनं भाऊंनी, दवाखान्यात न्हेताना. तवर कोन न्हाय.”

“रोज म्हणतात?”

“रोज इचारत्यात. सांच्याला डबा घिऊन गेले की खुनंनं इचारत्यात, आली का म्हून. मी म्हनते, यील की. तुमी कामात आसाल म्हून मी काय फोन केला न्हाय.”

रेश्माला खिडकीबाहेरचं ऊन एकदम पाण्यातून बघितल्यासारखं दिसू लागलं.

“आमच्या कचेरीतलं कुणी पाठवलं तर, गोजाबाई? शाखेतलं कुणी?”

“गडीमानूस? त्यांची इद्दत चालू हाय की ताई. नवरा गेल्यावर चार म्हैने धा दीस परक्या पुरुषाम्होरं येत न्हाईत त्या. ह्येंनासुदा मी उंबऱ्याबाहीर हुबं करते. बाईमानूसच पायजे, आनि ती बी तुमीच.” मग पुन्हा आवाज चढवून, “आनि ताई, उद्या येनार आसाल तर इचार करा. उद्या सकाळी सहापासनं लाइट न्हाय, तारंचं काम हाय. दीसभर. यंत्राची बाटरी अर्धा घंटा बी टिकत न्हाय आता.”

म्हणजे आजच. उद्या सकाळी सहानंतर त्या यंत्राचा हात सुटणार आणि अकरा वर्षांची पत्रं वाऱ्यावर जाणार. दूरवरून त्या यंत्रात शिरायची सोय चाचांनी ठेवलेली नव्हती. घरात माणसानं दारानं यावं, म्हणायचे.

ती अमृतसरांकडं गेली. त्यांच्या टेबलावर नव्या सर्व्हरची कागदपत्रं पसरलेली.

“सर, ते कुलूप जिवंत आहे.”

“काय आहे?”

तिनं सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. तिचा चढतच नाही. अमृतसरांनी चहाचा कप खाली ठेवला, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

“म्हणजे मी मघाशी तोडा म्हणालो, आणि तुम्ही तोडलं असतंत...”

“ओळ टाइप केली होती मी.”

ते खुर्चीत मागं टेकले. “करीमभाईंनी मला पण शिकवायचा प्रयत्न केला होता, बरं का. मी म्हणालो, चाचा, मला फक्त बटण कुठलं ते सांगा.” मग सरळ होऊन म्हणाले, “जा तुम्ही. मी दहाला बटण दाबतो म्हणालो होतो. तुमचा फोन येईपर्यंत बोट वर धरून बसतो. खूश? भाड्याचं मी बघतो.”

घर नवी पेठेच्या मागच्या बोळातच. रेश्माच्या सासूबाई, रंभाबाई, दारात बसून फुलवाती वळत होत्या. त्यांच्या पुढ्यातल्या ताटलीत पांढऱ्या वातींची रास पडली होती. कार्तिक संपेपर्यंत पुरतील एवढ्या.

“लवकर सुटली गं आज?” त्या म्हणाल्या. आणि तिच्या तोंडाकडं बघून, “काय झालं?”

रेश्मा त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. म्हणाली, “आत्या, टेंभुर्णीला जायचंय. आत्ता. दिवेलागणीला मी नसेन.”

रंभाबाईंचे हात थांबले नाहीत. “नेम हाय की तुझा.”

“हो.”

“मोडणार?”

रेश्मानं एक वात उचलली, बोटांत फिरवली. “मी त्यांना दवाखान्यात शब्द दिला होता आत्या. जाईन म्हणून. आणि दिव्यासाठी म्हणून रोज टाळलं. रोज इथं तुळशीपुढं हात जोडून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, बघ देवा, एक दिवस चुकवला नाही. तिकडं ती बाई रोज विचारतेय, आली का म्हणून.”

बोळात एक मांजर भिंतीवरून सावलीत उतरलं. मग रंभाबाईंनी ताटली बाजूला सारली.

“तुज्या नेमाचं मला कौतुकच हाय,” त्या म्हणाल्या. “पण तुळस काय कुणाची वाट बघत उपाशी बसत न्हाय. दिवा मी लावते. माजा हात काय वंगाळ हाय व्हय? तू त्या बाईकडं जा. आनि हे बघ, रात झाली तर तितंच ऱ्हा, गोजाबाईकडं. पोराला मी बघते. जेव म्हनलं की जेव, सोवळ्याचं निमित्त सांगू नको तितं.”

रेश्मा हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. ती घरात गेली, पाय धुतले, देवापुढं उभी राहिली. काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं, की आज येत नाही.

निघताना रंभाबाईंनी पाच फुलवाती कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिल्या. कशाला, ते त्या बोलल्या नाहीत आणि तिनंही विचारलं नाही.

नवी पेठेत उतरत्या उन्हात गर्दी वाहत होती. साड्यांच्या दुकानांपुढं बाया थबकल्या होत्या, रिक्षावाले हॉर्नऐवजी तोंडानंच ओरडत होते. वह्या-कागदाच्या दुकानात तिनं छपाईच्या कागदाचा एक गठ्ठा मागितला.

“कुठला देऊ? साधा की भारीतला?” दुकानदार म्हणाला.

“भारीतला. हातात धरून पुन्हापुन्हा वाचायचाय असा.”

“लग्नपत्रिका आहे काय ताई?”

“नाही,” ती म्हणाली. “घरची पत्रं आहेत. बऱ्याच दिवसांची साठलीत.”

तिनं मनातल्या मनात ओळी लावून ठेवल्या. आधी चाचींपुढं बसायचं. खुणेनं सांगायचं, की उशीर झाला, चुकले. मग शाल बाजूला करायची, त्यांच्याच हातानं. कागद घालायचा. दिवा पिवळ्याचा हिरवा होईल. पत्र छापून येईल, ते त्यांच्या हातात. मग थांबायचं, घाई करायची नाही, ते यंत्र सगळी पत्रं परत पेटीत रचून ठेवील आणि आपलं कुलूप आपण काढील. कुलूप गेलं की दारातलं ते शुक्रवारचं पत्र आपसूक आत येईल. तेही छापायचं. चाचींनी वाचेपर्यंत शेजारी बसायचं. सोबत कुणीतरी हवंच ते वाचताना. आणि सगळ्यात शेवटी अमृतसरांना फोन.

एसटी स्टँडावर टेंभुर्णीकडं जाणारी गाडी लागलेलीच होती. रेश्मा खिडकीपाशी बसली. कागदाचा गठ्ठा मांडीवर घेतला, त्यावर फुलवातींची पुडी ठेवली, आणि दोन्हीवर पदर ओढून घेतला, प्रसाद नेताना ओढतात तसा. कंडक्टरनं विचारलं, “कुठं?” तिनं सांगितलं. गाडीनं धूर सोडला, जराशी हलली, आणि स्टँडाबाहेरच्या पिवळ्या उन्हात उतरली. तिनं घड्याळाकडं बघितलं. पाचला सात मिनिटं कमी. मग सहा.

गठ्ठ्यावर ठेवलेला तिचा हात आपोआप हलला, हळूच, कागदाच्या कडेवरून एकदा फिरला.